चांदण्याचा पंचनामा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून चित्राबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. तुम्हाला चित्र दिसत नाही आणि मला तुम्ही दिसत नाही. पण आज ज्या चित्राबद्दल मी बोलणार आहे, ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेच मुळी अंधारात. तेव्हा घरातला दिवा मालवून ऐकलंत तरी काही बिघडणार नाही.

साल १८८०, शरद ऋतू. गाव सेंट पीटर्सबर्ग, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्याची राजधानी. तिथल्या बोल्शाया मोर्स्काया नावाच्या रस्त्यावर चित्रकारांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेची इमारत होती. तिच्या दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागलेली. घोडागाड्यांची गर्दी. आत एका दालनात प्रदर्शन, आणि प्रदर्शनात चित्र किती, तर एक. एकाच चित्राचं प्रदर्शन ही गोष्टच तिथे नवी होती. खिडक्यांवर पडदे ओढलेले, दालनात काळोख, आणि त्या चित्रावर रोखलेला दिवा. माणसं थोडी थोडी करून आत सोडत. आत गेलेला माणूस आधी गप्प होई. मग काही जण हळूच चित्राच्या मागे डोकावून बघत. मागे दिवा लपवलाय का? कॅनव्हासऐवजी काचेवर तर रंगवलेलं नाही ना? गावात नाना अफवा होत्या. कोणी म्हणे, चित्रकाराला चंद्राचा म्हणून काही खास रंग सापडलाय. कोणी म्हणे, त्यानं सैतानाशीच सौदा केलाय.

मागे दिवा नव्हता. काचही नव्हती. साधा कॅनव्हास आणि तैलरंग. चित्राचं नाव 'नीपरवरची चांदणी रात्र'. साधारण साडेतीन फूट उंच, पावणेपाच फूट रुंद. चित्रकार आर्खिप कुइंजी.

या कुइंजीबद्दल थोडं सांगतो. त्याचा जन्म आजच्या युक्रेनमधल्या मारियुपोल गावचा, १८४१ किंवा ४२चा. कागदपत्रांत दोन्ही सापडतात. घराणं ग्रीक वंशाचं, बाप चांभारकाम करणारा. आडनावाचा अर्थ मात्र सोनार, कारण आजोबांचा तो धंदा होता. लहानपणीच आईबाप गेले. पोरानं गुरं राखली, बांधकामावर विटांचा हिशेब ठेवला, धान्याच्या व्यापाऱ्याकडे नोकरी केली. चौदा-एक वर्षांचा असताना तो क्रिमियातल्या फिओदोसियाला गेला, कारण तिथे आयवाझोव्स्की राहत होता. आयवाझोव्स्की म्हणजे समुद्राची चित्रं काढणारा त्या काळचा सगळ्यात नामांकित चित्रकार. चित्रं शिकवण्याऐवजी या पोराला तिथे रंग खलायला लावलं, आणि कुंपण रंगवायला दिलं अशीही कथा आहे. पुढे बरीच वर्षं कुइंजी फोटोंवर हात फिरवण्याचं काम करत होता, ज्याला स्टुडिओवाले 'रिटचिंग' म्हणतात ते. कलाअकादमीच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला होता. मला यातलं ते रिटचिंग महत्त्वाचं वाटतं. काळ्या-पांढऱ्या फोटोवर दिवसभर बारीक कुंचल्यानं उजेड-सावली दुरुस्त करणाऱ्या माणसाला करड्या रंगाच्या किती छटा असतात हे आपल्यापेक्षा जास्त कळणारच.

माझी आणि या चित्राची पहिली गाठ पडली ती सत्तरच्या दशकात, सोव्हिएत पुस्तकांच्या एका प्रदर्शनात. त्या काळात ही प्रदर्शनं आपल्याकडे गावोगावी भरत. गुळगुळीत कागद, भक्कम बांधणी आणि किंमत अगदी मामुली. रशियन चित्रकलेचा एक अल्बम मी घेतला आणि त्यात हे चित्र होतं. खरं सांगायचं तर मला त्यात काही दिसलं नाही. काळा चौकोन, त्यात एक हिरवट नाणं आणि खाली एक हिरवट रेघ. यासाठी लोक रांगा लावत होते? मी पान उलटलं. मी चित्रकार नाही, चित्रं बघणारा माणूस आहे, आणि चित्रं बघणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पान लवकर उलटणं. ती मी त्या दिवशी केली.

तर आता सावकाश बघू. चित्राचा बराच मोठा भाग आकाशानं व्यापलेला आहे. क्षितिज खूप खाली, म्हणजे आपण कुठेतरी उंच काठावर उभे आहोत. आकाशात ढग आहेत, गडद, थरांचे, आणि त्यांच्या फटीतून चंद्र दिसतोय. चंद्र पांढराशुभ्र नाही. त्यात किंचित हिरवी झाक आहे. त्याच्याभोवतीचे ढग आधी उजळ, मग मंद, मग आणखी मंद होत होत काळोखात विरून जातात. खाली पसरट जमीन, आणि त्या जमिनीतून वळण घेत जाणारी नीपर नदी. तिच्या पाण्याचा एकच पट्टा चंद्राखाली चमकतोय. बाकी पाणी जमिनीइतकंच काळं. अगदी पुढे, आपल्या पायाशी म्हणावं अशी, शेतकऱ्यांची काही बुटकी घरं आहेत.

एवढंच. होडी नाही, काठावर बसलेलं जोडपं नाही, खवळलेल्या लाटा नाहीत. आयवाझोव्स्कीच्या चांदण्यात जहाजं असतात, कोळी असतात, पाण्यावर लखलखाट असतो. कुइंजीनं एकेक गोष्ट काढून टाकली आहे. माणूस एकही नाही.

आता प्रश्न असा की यात उजेड येतो कुठून?

रंगाला स्वतःचा उजेड नसतो. चांगल्यातला चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो, आणि चांगल्यातला चांगला काळा रंगही तीन-चार टक्के पाठवतोच. म्हणजे चित्रकाराच्या हातात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळं यांत फरक किती, तर पंचवीस-तीस पट. खऱ्या पौर्णिमेच्या रात्री चंद्राचं बिंब आणि त्याखालची जमीन यांच्या तेजात हजारो पटींचा फरक असतो. एखाद्यानं आपल्याला पाच खोल्यांचं सामान दिलं आणि सांगितलं, हे एका ट्रंकेत भरून दाखव, तशी ही गत. मग काही वस्तू सोडून द्याव्या लागतात आणि काहींची घडी अशी घालावी लागते की उघडल्यावर खोली भरल्यासारखी वाटावी.

कुइंजीनं काय केलं, तर उजेडाचा सगळा पैसा दोनच ठिकाणी खर्च केला, चंद्रावर आणि पाण्याच्या त्या पट्ट्यावर. बाकी सगळीकडे कमालीची काटकसर. उजळ भागात रंग जाड आहे, कुंचल्याचे फटकारे उठून दिसतात, म्हणून खोलीतला दिवा त्या उंचवट्यांवर प्रत्यक्ष चमकतो. जमिनीचा भाग सपाट, गुळगुळीत. तिथे नजरेला पकडायला काही नाही.

दुसरी गोष्ट, चंद्राभोवतीची ती विरत जाणारी प्रभा. पांढऱ्या ठिपक्याभोवती एकदम काळा रंग लावला तर तो फक्त पांढरा ठिपकाच दिसतो. पण त्याच्याभोवती उजळापासून गडदापर्यंत हळूहळू उतरती छटा दिली, तर तोच ठिपका पेटल्यासारखा वाटतो. आपली नजर इथे फसते आणि डोळाही फसतो. ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली असं दाखवलं, की ज्या आकृत्या नुसत्याच तेजस्वी 'भासतात', त्यांच्याकडे बघताना माणसाच्या डोळ्याची बाहुली खरोखरच किंचित आकसते, जणू समोर खरा उजेड आलाय. पीटर्सबर्गमधल्या त्या माणसांनी चित्रामागे दिवा शोधला म्हणून त्यांना हसायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट रंगाची. चांदणं निळसर-हिरवट का दिसतं? चंद्राचा प्रकाश म्हणजे परतून आलेलं ऊनच. मोजून पाहिलं तर तो उन्हापेक्षा किंचित तांबूसच निघतो. निळेपणा चंद्रात नाही, आपल्या डोळ्यांत आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी माघार घेतात आणि दुसऱ्या पेशी काम करू लागतात. या दुसऱ्या पेशींना रंग कळत नाहीत, पण निळ्या-हिरव्या प्रकाशाला त्या जास्त दाद देतात आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १८२०च्या दशकात हे नोंदवलं. तुम्हालाही करून बघता येईल. कोजागरीला गच्चीवर जाल तेव्हा जास्वंदीची एक फांदी घेऊन जा, फक्त जवळपास रस्त्यावरचा दिवा नको. दिवसा लाल फूल झळकतं आणि पानं त्यामागे असतात. चांदण्यात डोळे सरावले की फूल काळं पडतं आणि पानं उजळ दिसू लागतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दूध आटेपर्यंत सगळ्यांना फूल दाखवत फिरत होतो. घरच्यांनी फार उत्साह दाखवला नाही.

कुइंजीनं चंद्राला आणि नदीला थंड, रुपेरी हिरवा रंग दिला आणि जमिनीला उबदार, तांबूस तपकिरी. विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही एकमेकांना चढवतात. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यानं १८३९ साली पुस्तकात मांडलं होतं. कुइंजीला हे कितपत पुस्तकातून आणि कितपत डोळ्यांनी कळलेलं होतं, हे वेगळं काढणं अवघड. पण शास्त्रज्ञांशी त्याची ऊठबस होती. मूलद्रव्यांची सारणी मांडणारा मेंडेलेयेव्ह त्याचा मित्र. रंगांचा अभ्यास करणारा भौतिकशास्त्रज्ञ पेत्रुशेव्स्की याच्याकडे छटांमधले सूक्ष्म फरक डोळ्याला किती कळतात हे मोजायचं उपकरण होतं. जमलेल्या चित्रकारांमध्ये कुइंजीनं सगळ्यांना मागे टाकलं, असं चित्रकार रेपिननं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

आणि काळोख्या दालनाचं काय? त्यावर तेव्हाही टीका झाली, की ही तर जादूगिरी, चित्र चांगलं असेल तर दिवसाउजेडी दाखवा. मला ही टीका पटत नाही. नाटक सुरू होताना प्रेक्षागृहातले दिवे मालवतात, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. शिवाय गडद, चकचकीत रंगावर खिडकीचा उजेड पडला की चित्राऐवजी खिडकीच दिसते. माझा आपला एक तर्क आहे. त्या मंद दालनात प्रेक्षकांचे डोळे अर्धवट रात्रीसारखे काम करू लागले असणार. म्हणजे जास्वंदीचं जे झालं तेच चित्राचं. तांबूस जमीन आणखी खोल गेली असेल आणि हिरवा चंद्र आणखी वर आला असेल. आपल्याकडे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र आहे ना, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं? तेही अंधाऱ्या खोलीत ठेवतात, आणि तिथेही माणसं ज्योत खरी आहे की काय म्हणून वाकून बघतात. (ते चित्र रविवर्म्याचं म्हणून सांगणारे अजून भेटतात. ते हळदणकरांचं आहे.)

आता इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. चंद्र मुळात उजळ वस्तूच नाही. त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सरासरी बारा टक्केच प्रकाश तो परत पाठवतो. म्हणजे जुना, झिजलेला डांबरी रस्ता जितका काळपट, तितकाच चंद्र काळपट. रात्री तो आपल्याला चांदीसारखा दिसतो, कारण त्याच्यामागचं आकाश त्याहून कितीतरी काळं असतं. कुइंजीनं जे केलं ते निसर्ग रोज करतोच आहे. आणि डांबर हा शब्द मी मुद्दाम काढला, कारण या चित्राच्या नशिबात तो आहे.

उजेड दाखवायचा तर आधी काळोख हवा, आणि तो खोल, उबदार काळोख कुइंजीला मिळाला अस्फाल्टच्या रंगात. अस्फाल्ट किंवा बिट्युमेन म्हणजे आपल्या डांबराचाच भाऊबंद. तेलात मुरवला की मधासारखा पारदर्शक, सुंदर तपकिरी रंग होतो. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या चित्रकारांना त्याची भुरळ पडली होती. पण हा रंग पुरता वाळत नाही. वर्षं गेली की तो काळवंडतो, आकसतो, त्याला भेगा पडतात. पॅरिसच्या लूव्हरमधलं जेरिकोचं 'मेड्यूसाचा तराफा' हे १८१९चं प्रचंड चित्र याच रंगापायी काळवंडलंय. कुइंजीच्या चित्रातही हाच रंग आहे.

ही धोक्याची गोष्ट त्या वेळी एका माणसाच्या लक्षात आली होती. इव्हान क्राम्स्कोय हा त्या काळचा मोठा चित्रकार, गावोगावी फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या चित्रकार-मंडळींचा पुढारी. कुइंजी हे चित्र काढत असताना दर रविवारी दोन तास आपल्या स्टुडिओचं दार उघडं ठेवत असे. तिथे तुर्गेन्येव्ह येऊन गेला, मेंडेलेयेव्ह येऊन गेला, क्राम्स्कोयही येऊन गेला. नोव्हेंबर १८८०मध्ये क्राम्स्कोयनं सुव्होरिन या वृत्तपत्राच्या मालकाला एक पत्र लिहिलं. त्यात तो विचारतो, की हे रंग टिकतील का? कुइंजीनं जाणता-अजाणता असे रंग तर एकत्र आणले नाहीत ना, जे मुळातच एकमेकांचे वैरी आहेत? काही काळानं ते विझले, बिघडले, तर पुढची पिढी खांदे उडवून म्हणेल की त्या भोळ्या लोकांना यात एवढं काय दिसलं होतं? असा अन्याय आपल्यावर होऊ नये म्हणून, क्राम्स्कोय म्हणतो, एक रीतसर दस्तऐवजच करून ठेवावा, की या चित्रात खरोखरचा प्रकाश आणि हवा आहे, यातली नदी खरोखर वाहते आहे आणि आकाश खरोखर अथांग आहे.

म्हणजे चक्क चांदण्याचा पंचनामा! मी हे वाचलं तेव्हा थबकलो. कारण खांदे उडवून पान उलटणारी ती पुढची पिढी म्हणजे मीच होतो.

क्राम्स्कोयची भीती त्याच्या कल्पनेपेक्षा लवकर खरी ठरायला लागली. चित्र प्रदर्शनाआधीच विकलं गेलं होतं. घेणारा होता ग्रँड ड्यूक कॉन्स्तांतिन कॉन्स्तांतिनोव्हिच. राजघराण्यातला, नौदलातला बावीस वर्षांचा अधिकारी, आणि कवी. किंमत पाच हजार रुबल. या तरुणाचा चित्रावर इतका जीव जडला की जहाजावरून लांबच्या सफरीला निघताना त्यानं ते बरोबर घेतलं. मित्रांच्या पोटात गोळा आला. तुर्गेन्येव्ह तेव्हा पॅरिसला होता, त्यानं निदान चित्र तिथेच ठेवून जा म्हणून गळ घातली. जानेवारी १८८१मध्ये पॅरिसच्या सेडेलमायर गॅलरीत ते काही दिवस दाखवलं गेलं. पण ग्रँड ड्यूकनं ते पुन्हा जहाजावर चढवलंच. समुद्राची खारी, दमट हवा आणि ओले अस्फाल्टचे रंग. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या फोटोंचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कुइंजीनं म्हणे ड्यूकवर दावा लावायचाही विचार केला होता. चित्रावर प्रेम करणाऱ्या माणसानं चित्राचं नुकसान केलं, आणि जितकं प्रेम जास्त तितकं नुकसान जास्त. ड्यूकचा राग येतो, पण तो पुरता टिकत नाही.

आणि कुइंजीचा दोष? अस्फाल्ट वापरला नसता तर चित्र टिकलं असतं, पण मग ते हे चित्र झालं असतं का? मी यावर बराच विचार केला आहे आणि माझं मत दोनदा बदललंय. सध्या मी असं म्हणेन की रंगांची रीत त्याच्या जवळच्या रसायनशास्त्रज्ञांना विचारून घ्यायला हवी होती. मेंडेलेयेव्ह घरी येत होता हो! लोकांनी मागणी केली म्हणून कुइंजीनं पुढे याच चित्राच्या प्रती स्वतःच्या हातानं केल्या. १८८२ची एक प्रत मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. पण तो स्वतः १८८२नंतर जवळजवळ प्रदर्शनातूनच उठला. तो चित्रं काढायचा आणि कोणाला दाखवायचा नाही. मधली काही वर्षं तो अकादमीत शिकवत होता. तिथल्या त्याच्या विद्यार्थ्यांपैकी एकाचं नाव आपल्या ओळखीचं आहे, निकोलाय रोरिक. पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला राहून हिमालय रंगवणारा, १९४७ साली तिथेच वारलेला तो रोरिक. त्याची डोंगरांची चित्रं बघताना गडद सपाट पट्टा आणि त्यावर अचानक पेटलेलं शिखर दिसलं, की मला त्याचे मास्तर आठवतात.

आता मूळ चित्र. ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियमच्या संग्रहात आहे. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो, तेव्हा त्या अल्बमला चाळीसेक वर्षं झाली होती. सरळ चित्रापुढे जाऊन उभा राहिलो, आणि मला काय दिसलं, तर माझंच प्रतिबिंब. काळ्या वार्निशवर मागचा उजेड पडला होता. जमीन सगळी काळी. भेगा. चंद्र मात्र होता. मी कडेच्या बाकावर बसलो, जरा हिरमुसला होऊनच. तिथल्या दालनांत खुर्ची टाकून बसलेल्या राखणदार आजीबाई असतात. आमच्या आजीबाईंनी मला थोडा वेळ पाहिलं आणि मग हातानं खूण केली, तिकडे नको, इकडे या. त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यातून चित्रावरची चकाकी गेली. मी तिथे उभा राहिलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. शाळेतली मुलं आली नि गेली. डोळे सरावले तसा आधी नदीचा पट्टा मागे सरकला, म्हणजे कॅनव्हासवरचा राहिला नाही, दूर गेला. मग ढगांचे थर सुटे झाले. रांगेतल्या माणसांना १८८०मध्ये जे दिसलं त्यातलं किती मला दिसलं असेल? अर्धं असेल, कमीही असेल.

तुम्हाला पीटर्सबर्गला जायला जमेल असं नाही. हे भाषण संपल्यावर तुम्ही मोबाइलवर चित्र शोधाल. जरूर शोधा, पण एक लक्षात ठेवा. मोबाइलच्या पडद्यामागे खरोखरचा दिवा असतो. त्या प्रेक्षकांनी चित्रामागे जो शोधला आणि त्यांना सापडला नाही, तो आपल्या हातात आहे. त्यामुळे पडद्यावर चंद्र चमकला तर त्याचं श्रेय कुइंजीला लगेच देऊ नका. त्यापेक्षा छापलेलं चित्र मिळालं तर बघा. संध्याकाळी, खोलीतले बाकीचे दिवे घालवून, एकच दिवा बाजूनं चित्रावर टाकून. आणि लगेच नको. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो, निदान दहा मिनिटं तरी द्या.

कुइंजीच्या गावाबद्दल एक सांगायचं राहिलं. मारियुपोलमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय होतं. मार्च २०२२मध्ये युद्धात हवाई हल्ल्यात ती इमारत उद्ध्वस्त झाली. त्याची मूळ चित्रं आधीच तिथून हलवलेली होती, पुढे ती मारियुपोलबाहेर नेली गेली. आणि नीपर, जिला युक्रेनमध्ये द्निप्रो म्हणतात, तिच्यावर विसाव्या शतकात धरणांमागून धरणं झाली. त्यातलं काखोव्काचं धरण जून २०२३मध्ये फुटलं आणि काठावरची गावं पाण्याखाली गेली. बुटक्या घरांपुढून बिनबंधारा वाहणारी नदी तेव्हाच संपली होती, जेव्हा पहिलं धरण १९३२मध्ये सुरू झालं. त्या नदीचाही हा एक दाखला म्हणायचा.

म्युझियममधल्या त्या दुपारी मी वहीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. क्राम्स्कोयचा तो दस्तऐवज कधी झाला नाही, तेव्हा पंच म्हणून आपणच सही करावी, असा काहीतरी विचार मनात होता. त्या ओळी अशा. चंद्र आहे. नदी वाहते, पण कोपऱ्यातून पाहिलं तरच. जमीन जवळजवळ गेली. खाली घरांमध्ये एका खिडकीत तांबडा दिवा आहे, मोहरीएवढा. चाळीस वर्षं अल्बम घरात असून तो मला कधी दिसला नव्हता. निघताना मी तो आजीबाईंना बोटानं दाखवला. त्यांनी मान हलवली. त्यांना तो माहीत होता.